पन्हाळा सोडा, केबल बघा : कम्युनिटी रेडिओ काढू पाहणाऱ्या संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यात कम्युनिटी रेडिओ केंद्र सुरू करण्याच्या विचारात असलेले संस्थाचालक, प्राचार्य आणि विश्वस्त मंडळी,

सप्रेम नमस्कार.

रेडिओ केंद्र काढायचं ठरलं की बैठकीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ट्रान्समीटर किती वॅटचा घ्यायचा? दुसरा चहा आल्यावर येतो : पन्हाळ्यावर टाकता येईल का? पुढं बैठक इमारतीच्या रंगावर आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर जाते. ऐकणारा कोण, तो कुठं बसलेला असतो आणि त्याच्या हातात कुठला रेडिओ असतो, हे विचारायचं राहूनच जातं. खरं तर अँटेनाचं सगळं गणित तिथून सुरू होतं. गच्चीवर चढून अँटेना लावणं, केबल ओढणं, मीटर लावून बघणं हे माझं पोटापाण्याचं काम. तेव्हा चार गोष्टी उघडपणे लिहितोय. कुणा एका संस्थेला उद्देशून नाहीत, पण ज्याचं त्याला कळेलच.

आधी सरकारी चौकट सांगतो, कारण निम्म्या कल्पना तिथंच गळतात. २००६ च्या धोरणानं शिक्षणसंस्थांबरोबर सेवाभावी संस्थांनाही कम्युनिटी रेडिओचं दार उघडलं. अशा केंद्रानं ५ ते १० किलोमीटरचा परिसर सांभाळावा ही अपेक्षा. त्यासाठी ईआरपी, म्हणजे अँटेनातून बाहेर पडणारा प्रत्यक्ष जोर (हिशेब पुढं येतोच), जास्तीत जास्त १०० वॅट. भूभागच अवघड असेल आणि गरज सिद्ध करता आली तर २५० वॅटपर्यंत, पण त्याला दिल्लीतल्या समितीची मंजुरी लागते. अँटेना जमिनीपासून ३० मीटरच्या वर जायची नाही आणि १५ मीटरच्या खाली यायची नाही. विद्यापीठं आणि शिक्षणसंस्थांनी ट्रान्समीटर-अँटेना आपल्या मुख्य आवारातच बसवायची. सेवाभावी संस्थांनी ज्या लोकांसाठी केंद्र आहे त्यांच्याच परिसरात.

म्हणजे कोल्हापूर शहरातल्या कॉलेजसाठी पन्हाळ्याचा विषय तिथंच मिटला. त्यातून जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी वास्तूंच्या मालिकेत पन्हाळ्याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत लागलंय. त्या तटबंदीशेजारी लोखंडी टॉवर उभा करायची परवानगी मागायला जाणारा माणूस मला बघायचाय.

पण समजा परवानगी मिळाली. तरी मी नकोच म्हणेन. पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उठलेला आहे. एवढ्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज, म्हणजे मध्ये आडकाठी नसेल तर लहरी जिथवर पोचतात ती हद्द, ८० किलोमीटरच्या पुढं जातं. ऐकायला गोड वाटतं. मात्र कम्युनिटी रेडिओला मिळणाऱ्या फ्रीक्वेन्सी मोजक्याच असतात आणि त्याच जिल्ह्याजिल्ह्यांत फिरवून दिल्या जातात. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग हे कम्युनिटी रेडिओ केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर वाजतं. तीच फ्रीक्वेन्सी आपल्याकडं कुणाला मिळाली आणि अँटेना गडावर चढवली, तर मधल्या पट्ट्यात दोन्ही केंद्रं एकमेकांच्या पायात पाय घालणार. एफएम रिसीव्हरचा स्वभाव असा की एकाच फ्रीक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर जो जोरकस तो धरतो आणि दुसरा दाबून टाकतो. दोन्ही सारखेच असले की गाडी दहा पावलं पुढं गेली तर एक, मागं आली तर दुसरं. ८० किलोमीटरवर आपला आवाज नेऊन पोचवायचा आणि तिथल्या माणसाला तिथलंच केंद्र ऐकू द्यायचं नाही, हा कुठला समाजाचा रेडिओ? आणि एवढं करून गडाच्या कड्याखालची गावं कोरडीच, कारण कडा मध्ये येतो.

आता १०० वॅटचं बघू. हा आकडा ट्रान्समीटरच्या पाटीवरचा नव्हे. ट्रान्समीटरची पॉवर घ्यायची, केबलनं खाल्लेली वजा करायची, उरलेल्याला अँटेनाच्या गेननं, म्हणजे ती क्षितिजाकडं जोर किती पट करते त्या आकड्यानं, गुणायचं. जे येतं ते ईआरपी. समजा ट्रान्समीटर ५० वॅटचा आहे, त्याची खोली तळमजल्यावर आणि अँटेना टॉवरच्या टोकाला. मध्ये ४० मीटर केबल. दुकानात सहज मिळणारी आरजी-२१३ केबल एफएमच्या फ्रीक्वेन्सीला १०० मीटरमागं साधारण साडेसहा डेसिबल खाते (डेसिबल हे घट-वाढीचं माप; तीन डेसिबल गेले की पॉवर निम्मी). ४० मीटरला झाले अडीचच्या वर. म्हणजे ५० पैकी २७-२८ वॅट वर पोचले, बाकीचे केबल तापवण्यात गेले. त्याच जागी अर्धा इंची फोम केबल ओढली तर एक डेसिबलही जात नाही आणि वर ४० वॅट मिळतात. पहिल्या केबलवर तेवढेच ४० वर न्यायचे तर खाली ७५ वॅटचा ट्रान्समीटर लागेल. दोन केबलींच्या किमतीतला फरक या दोन ट्रान्समीटरांच्या फरकापुढं काहीच नाही, पण केबल भिंतीच्या कडेनं जाते, कुणाला दिसत नाही. ट्रान्समीटरवर दिवे लुकलुकतात, पाहुण्यांना दाखवता येतो. म्हणून पैसे तिकडं जातात.

सगळ्यात स्वस्त केबल म्हणजे लांबी कमी केलेली केबल. ट्रान्समीटरची खोली वरच्या मजल्यावर न्या. गच्चीलगतच्या खोलीपासून अँटेनापर्यंत १५ मीटर पुरत असतील तर अर्धा इंची केबलमध्ये फक्त एक तृतीयांश डेसिबल जातो. गच्चीखालची खोली एप्रिल-मेमध्ये तापते, पंखा किंवा एसी लागतो, हे मान्य. तरीही वरच. दुसरं कारण पुराचं आहे, त्यावर येतोच.

पॉवर आणि उंची यांचं नातंही नीट कळायला हवं. सपाट रानात, अँटेनापासून काही किलोमीटर पुढं गेल्यावर सिग्नलची पॉवर ढोबळमानानं अंतराच्या चौथ्या घातानं घटते. त्यामुळं पॉवर दुप्पट केली तर पल्ला जेमतेम १९ टक्के वाढतो. चौपट केली तर ४१ टक्के. आणि अँटेनाची उंची नुसती दुप्पट केली, १५ मीटरवरून ३० वर नेली, तरी तेच ४१ टक्के. उंचीला वीजबिल येत नाही. म्हणून शिरोळ, हातकणंगल्याच्या सपाट पट्ट्यात केंद्र काढणाऱ्यांना माझं सांगणं एकच : ३० मीटरची मुभा पुरती वापरा, वॅटच्या मागं लागू नका. उजळाईवाडी विमानतळाच्या आसपास ज्यांची आवारं आहेत त्यांनी मात्र उंचीची परवानगी आधी तपासावी; टॉवरचा पाया भरल्यावर उंची कमी करा म्हणून पत्र आलं की फार वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, ३० मीटरवरून क्षितिज २२-२३ किलोमीटर येतं, मग १० चीच गोष्ट का? कारण क्षितिजापर्यंत वाट मोकळी असणं वेगळं आणि तिथं सिग्नल पुरेसा असणं वेगळं. कागदावरचे कव्हरेज नकाशे बहुधा १० मीटर उंचीवर ठेवलेल्या रिसीव्हर अँटेनाचे असतात. आपला श्रोता भांगलायला वाकलेला असतो, नाहीतर रेडिओ गोठ्याच्या खुंटीला टांगलेला असतो. जमिनीपासून फार तर दीड मीटर. तिथं सिग्नल कागदावरच्यापेक्षा कितीतरी पडलेला. पुरवठादार रंगीत नकाशा पुढं ठेवतो तेव्हा एवढंच विचारा : हा किती उंचीवरचा? उत्तर देताना तो जरा चाचरतोच.

आता गेन. अँटेना काही स्वतः पॉवर तयार करत नाही. हातातला गोळा तेवढाच असतो, भाकरी थापत गेलं की ती रुंद होते आणि पातळ होते. अँटेनाचा गेन म्हणजे तेवढंच. एकावर एक दोन डायपोल (दोन दांड्यांची साधी अँटेना) लावले, तर आकाशात आणि पायथ्याशी वाया जाणारी पॉवर आडवी पसरते आणि क्षितिजाकडं जवळपास दुप्पट जोर मिळतो. चार लावले तर चौपटीच्या आसपास. चौपट गेन असेल तर ३० वॅटच्या ट्रान्समीटरवरही १०० वॅट ईआरपीच्या जवळ पोचता येतं. मग सगळेच चार का लावत नाहीत? एक तर ९०.४ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३.३ मीटर आहे. चार डायपोल नीट अंतर राखून लावायचे तर टॉवरचे वरचे सात ते दहा मीटर त्यातच जातात, आणि ३० मीटरची मर्यादा टोकाला लागत असल्यानं अँटेनाचा मध्य खाली सरकतो. गेननं दिलं ते उंचीनं थोडंफार काढून घेतलं. वाऱ्याचा भार वाढतो. दुसरं म्हणजे पट्टा जितका चपटा तितके त्याच्या खाली आंधळे कोन तयार होतात. पूर्ण तरंगलांबीच्या अंतरानं सहा डायपोल लावले तर क्षितिजाखाली साडेनऊ अंशांवर पहिला आंधळा कोन येतो. ४०० मीटर उंचीवर अशी अँटेना असेल तर बरोबर सव्वादोन-अडीच किलोमीटरवरच्या गावाला केंद्र डोळ्यांना दिसतं, कानांना नाही. मोठी केंद्रं त्यासाठी पट्टा थोडा खाली झुकवतात किंवा आंधळे कोन भरून घेतात. आपल्या ३० मीटरच्या टॉवरला हा आंधळा टप्पा आवाराच्या आसपासच पडतो आणि तिथं सिग्नल एरवीही भरपूर असतो. म्हणून कम्युनिटी रेडिओला दोन डायपोल, फार तर चार, यापुढं जाण्यात अर्थ नाही.

पोलरायझेशनवर, म्हणजे लहरी उभ्या सोडायच्या की आडव्या यावर, वाद घालायला लोकांना आवडतं, मी लवकर आटपतो. उभा डायपोल उभ्या लहरी सोडतो. गाडीची काडी अँटेना उभी असते, तिला त्या चांगल्या लागतात. सर्क्युलर अँटेना उभी आणि आडवी दोन्ही सोडते, पण हातातली पॉवर दोन वाटण्यांत जाते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेसारख्या दाट वस्तीत, जिथं लहरी भिंतींवर आपटून कशाही फिरतात आणि रेडिओ फडताळात आडवा पडलेला असतो, तिथं सर्क्युलरच बरी. मोकळ्या रानात, ५० वॅटच्या केंद्राला, साधे उभे डायपोल. उभ्या झाडोऱ्यातून जाताना उभ्या लहरी जरा जास्त खाल्ल्या जातात हे खरं आहे, तेव्हा चाचणी ऊस डोक्यावर गेलेला असताना घ्या, तोडणी झाल्यावर नको. (ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्यांना श्रोत्यांत धरू नका. तिथं पेन ड्राइव्हच वाजतो आणि पुढंही तोच वाजणार.)

एका गोष्टीवर मात्र रेंगाळणार आहे, कारण ती मला जागोजागी दिसते. डायपोल टॉवरला अगदी चिकटवून लावलेला असतो. लोखंडी टॉवर हाही मग अँटेनाचा भाग होऊन बसतो. तीन पायांच्या टॉवरच्या एका पायाला क्लॅम्प मारून डायपोल एक हात अंतरावर ठेवला की कुठल्या दिशेला किती जाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. किमान पाव तरंगलांबी, म्हणजे ९०.४ ला ८३ सेंटिमीटर, आडवा दांडा बाहेर काढायला हवा. एवढं करूनही टॉवरच्या पुढच्या बाजूला सिग्नल जास्त आणि पाठीमागं कमी राहतो. हा दोष मानायचं कारण नाही, तो कामाला लावता येतो. तुमचं आवार गावाच्या पूर्व टोकाला असेल आणि श्रोते पश्चिमेला नदीकाठी असतील, तर डायपोल टॉवरच्या पश्चिम अंगाला लावा; फुकटात दोन-तीन डेसिबल त्या बाजूला मिळतील. उलट बाजूला लावलेला मी पाहिलाय. का, तर शिडी त्या अंगाला होती आणि गड्याला सोयीचं पडलं.

त्याच केंद्राची आणखी एक गोष्ट. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. पावसाळ्यात आवाज खरखरतो, ट्रान्समीटर आपोआप पॉवर उतरवतो, अशी तक्रार होती. मीटर लावला तर ५० वॅट पुढं जाताहेत आणि सात परत येताहेत. दोन वॅट परत आले तर चालून जातं, सात म्हणजे वर काहीतरी बिघडलंय. वर अँटेनाच्या तोंडाशी एन कनेक्टर होता, त्याला घरातल्या वायरिंगची काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. उन्हानं तिचा डिंक सुकून टेप सालपटासारखी सुटलेली. कनेक्टर उघडला तर आतून पाणी ठिबकलं आणि तांब्यावर हिरवा थर. पाणी तेवढ्यावर थांबलं नव्हतं, केबलच्या जाळीतून खाली हातभर उतरलं होतं. तेवढा तुकडा कापून टाकला, नवा कनेक्टर बसवला, स्वतःत विरघळून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळली, वरून साध्या टेपचा थर, आणि कनेक्टरच्या खाली केबलला एक झोल दिला, म्हणजे केबलवरून येणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जातं, कनेक्टरकडं येत नाही. परत येणारी पॉवर एक वॅटच्या खाली आली. संस्थेनं मात्र तोवर नव्या ट्रान्समीटरचं कोटेशन मागवलं होतं.

स्टिरिओ बंद करा. हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून स्टुडिओत लावलं तरी हरकत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ग्रामीण भागात मोनो एफएमला ४८ डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर (हवेतल्या सिग्नलचा जोर मोजायचं माप) सिग्नल पुरतो, स्टिरिओला ५४ लागतो. हा सहा डेसिबलचा फरक म्हणजे चौपट पॉवर. एक बटण दाबून ५० वॅटच्या केंद्राला काठावरच्या गावात २०० वॅटइतका परिणाम मिळतो, परवाना नको, पैसा नको. तुमच्या केंद्रावर काय असणार? सोयाबीनवरची कीड, बचत गटाची बैठक, शाळेतली पोरं, भजनी मंडळ. यातलं काय डाव्या-उजव्या कानात वेगवेगळं वाजायला हवंय? गाणी स्टिरिओत ऐकायची असतील त्यांना शहरात खाजगी एफएम केंद्रं आहेतच. तरीही स्टिरिओचा हट्ट सुटत नाही, कारण रेडिओवर तो छोटा लाल दिवा लागला की बरं वाटतं!

आता पूर. २०१९ आणि २०२१ आठवायला कोल्हापूरकरांना सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३; दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, चिखली-आंबेवाडी पाण्यात, शिरोळकडं तर नुसता समुद्र. वीज गेली, मोबाइलची चार्जिंग संपली, काही ठिकाणी टॉवरही गप्प झाले. अशा वेळी सेलवर चालणारा रेडिओ आणि गावाचं नाव घेऊन बोलणारं केंद्र यांची किंमत कळते : अमुक पुलावरून जाऊ नका, तमुक शाळेत छावणी उघडलीय, बोट कुठल्या बाजूनं येतेय. आकाशवाणी आणि मोठी केंद्रं जिल्ह्याचं सांगतील. गल्लीचं सांगायला लहानच केंद्र लागतं. पण पुरात तेच आधी बंद पडणार असेल तर काय उपयोग? ट्रान्समीटर तळमजल्यावर, बॅटरी त्याच्याही खाली, जनरेटर पार्किंगमध्ये : हा आराखडा मी मंजुरीसाठी गेलेला पाहिलाय, तोही नदीच्या बाजूच्या आवाराचा.

म्हणून वरची खोली. आणि बॅटरी. ५० वॅटचा ट्रान्समीटर, छोटा मिक्सर आणि एक लॅपटॉप मिळून दीडशे वॅटच्या आसपास खातात. घरातल्या इन्व्हर्टरला असते तशी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी कागदावर बारा तास चालेल, प्रत्यक्षात आठ धरा. इथं मघाचं चौथ्या घाताचं गणित आपल्या बाजूनं उभं राहतं. पॉवर पाव केली, ५० वरून साडेबारा वॅटवर आणली, तर पल्ला पाव होत नाही, ७० टक्के उरतो. दहा किलोमीटरचे सात. आणि ट्रान्समीटरचं खाणं मात्र बरंच उतरतं. लॅपटॉप बंद करून साध्या मोबाइलवरून माईक लावला तर त्याच बॅटरीत केंद्र रात्र काढतं. तेव्हा ट्रान्समीटर घेताना त्याची पॉवर पुढच्या पॅनलवरून कमी करता येते का आणि तो बॅटरीवर थेट चालतो का, हे दोन प्रश्न कमाल वॅटच्या आधी विचारा.

श्रोत्याच्या बाजूचीही अडचण आहे. मोबाइलमध्ये एफएम असला तर इयरफोनची वायर हीच त्याची अँटेना. बिनवायरीचे इयरफोन आले आणि ती अँटेनाच गेली. बऱ्याच फोनमधून एफएमच काढून टाकला. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मोबाइल उत्पादकांना एफएम बंद ठेवू नका अशी सूचना केली, पण गावातल्या हातातले फोन सूचनेनं बदलत नाहीत. केंद्राच्या अंदाजपत्रकात शंभर-दोनशे साधे सेलवरचे रेडिओ धरा, पूरपट्ट्यातल्या ग्रामपंचायती, अंगणवाड्या आणि तरुण मंडळांत वाटा. त्यांच्या ताणून काढायच्या काडी अँटेनाला जे ऐकू येईल ते ५० चे १०० वॅट करून दुसऱ्या कुणाच्या फोनला ऐकू येणार नाही.

पश्चिमेकडच्या मंडळींसाठी वेगळं लिहायला हवं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांची खोरी शेजारी शेजारी, पण मध्ये डोंगराच्या धारा. एफएमच्या लहरी डोंगराला वळसा घालायला फार नाखूश असतात. धार नजरेच्या रेषेला नुसती टेकली तरी सहा डेसिबल जातात; ती रेषेच्या चांगली वर आली की पंधरा-वीस सहज. आणि १०० चे २५० वॅट करून मिळतात किती? चार. म्हणजे राधानगरी, गगनबावड्याकडच्या कुणी भूभाग अवघड म्हणून २५० वॅटचा प्रस्ताव पाठवला, दोन वर्षं फाइलमागं धावून तो मंजूर करून आणला, तरी धारेपलीकडचं गाव धारेपलीकडंच राहणार. तिथं एकाच खोऱ्यापुरतं केंद्र काढा, खोऱ्याच्या लांबीच्या दिशेनं दोन्हीकडं दिसेल अशी जागा निवडा, आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या संस्थेला त्यांचं केंद्र काढायला मदत करा. दोन लहान केंद्रं परवान्याच्या कागदपत्रांना जड, पण सिग्नलला हलकी. शिवाय लोकांची भाषा, पिकं, बाजारवारही खोऱ्यागणिक बदलतो.

वसतिगृहाच्या गच्चीवर टॉवर लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १०० वॅट ईआरपीच्या अँटेनापासून समोरासमोर तीन मीटरवर विद्युतक्षेत्र २३ व्होल्ट प्रति मीटरच्या घरात जातं. सर्वसामान्य माणसासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा २८ आहे. दहा मीटरवर ते सातवर येतं. म्हणजे घाबरायचं काही नाही, पण पोरं जिथं अभ्यासाला बसतात, कपडे वाळत घालतात, त्या पातळीवर डायपोल नको. १५ मीटरच्या किमान उंचीचा नियम यासाठीच आहे, फक्त ती उंची जमिनीपासून मोजतात. चौथ्या मजल्याच्या गच्चीवर नियम पाळूनही अँटेना पोरांच्या डोक्याशी येऊ शकते.

आणि वीज. आपल्याकडं वळीव कसा येतो ते माहीत आहे. टॉवरच्या टोकाला वीजवाहक, त्याची पट्टी सरळ जमिनीत, केबलची जाळी वर टॉवरला आणि खाली इमारतीत शिरण्याआधी अर्थिंगला जोडलेली, आणि सगळी अर्थिंग एकमेकांना बांधलेली. टॉवरची अर्थिंग वेगळी आणि ट्रान्समीटरची वेगळी ठेवली की वीज पडल्यावर त्या दोहोंतला फरक ट्रान्समीटरमधून वाट काढतो.

आता मागणं. टेंडर काढाल तेव्हा त्यात फक्त ट्रान्समीटरचे वॅट लिहू नका. केबलची जात, लांबी आणि तिच्यातली घट डेसिबलमध्ये लिहायला लावा. अँटेना टॉवरच्या कुठल्या अंगाला आणि किती अंतरावर, तिथून प्रत्येक दिशेला किती जातं याचा आलेख मागा, आणि तो मोकळ्या हवेतला नको, टॉवरसकटचा हवा. कव्हरेजचा नकाशा दीड मीटर उंचीचा आणि मोनोचा मागा. बसवून झाल्यावर परत येणारी पॉवर कोरड्या दिवशी मोजा आणि मृगाच्या दोन-तीन पावसांनंतर पुन्हा मोजा. पुरवठादाराचा शेवटचा हप्ता या दुसऱ्या मोजणीनंतर द्या. त्याच्याबरोबर तुमचा स्वतःचा माणूस मोटरसायकलवर पाठवा, खिशात दोन-अडीचशे रुपयांचा रेडिओ देऊन. प्रत्येक गावात चावडीपाशी, शाळेपाशी, नदीच्या उताराला थांबून ऐकायचं आणि वहीत लिहायचं : स्वच्छ, खरखर, नाही. पुरवठादारानं नकाशावर हिरवं रंगवलेल्या गावापुढं वहीत "नाही" असेल, तर पैसे द्यायच्या आधी त्यालाच त्या गावात घेऊन जा.

कळावे,

आपला,
टॉवरवर चढणारा एक कोल्हापूरकर